होंडा मंकी १२५: पहिल्या पाहणीपासून पहिल्या टॅपेटपर्यंत

मंकीच्या बाबतीत नवख्याची पहिली चूक नावापासूनच होते. "ती छोटीशी, डिकीत मावणारी, पोरासोरांची गाडी ना?" असं म्हणत माणूस दुकानात जातो आणि १०४ किलोची, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली, इंजेक्शनवाली, क्लच दाबून गिअर टाकायची मोटरसायकल घेऊन बाहेर येतो. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच असतं. खेळणं समजून घेतल्यामुळे परवान्याचं कोणी विचारत नाही, ऑइल वेळेवर बदललं जात नाही, चेनकडे लक्ष जात नाही. म्हणून नव्या मंकीचा जुन्या मंकीशी संबंध कितपत आहे, ते आधी पाहू.

पहिली मंकी १९६१ सालची. टोकियोच्या पश्चिमेला हिनो इथे तामा टेक हे करमणूक उद्यान होतं. तिथे मुलांना फिरवायला होंडाने झेड१०० ही गाडी बनवली. इंजिन होंडाच्याच सुपर कब या दुचाकीचं, ४९ सीसीचं, चाकं ५ इंची आणि शॉकअबचा पत्ताच नाही. मोठा माणूस गुडघे दुमडून बसला की माकडासारखा दिसे, त्यावरून नाव पडलं. जपानच्या रस्त्यांसाठी १९६७ साली आलेल्या झेड५०एमचं हँडल दुमडून गाडी मोटारीच्या डिकीत टाकता यायची. पुढे चाकं ८ इंची झाली, शॉकअब आले, २००९ साली इंजेक्शन आलं. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये ५० सीसी मंकीचं उत्पादन थांबलं.

१२ जुलै २०१८ ला जपानमध्ये विक्रीला आलेली मंकी १२५ ही दिसायला तिचीच मुलगी, पण सांगाडा आणि इंजिन होंडाच्याच ग्रोम या छोट्या मोटरसायकलच्या घराण्यातलं. चाकं १२ इंची, हँडल दुमडत नाही, उत्पादन थायलंडमध्ये. शेवटची ५० सीसी मंकी ६८ किलोची होती. ही एकट्याने उचलून मोटारीत टाकायच्या फंदात पडू नका, कंबर जाईल. जुन्या मंकीचे भागही हिला बसत नाहीत. "मंकी पार्ट्स" एवढंच वाचून काहीही मागवू नका.

परवाना आधी, गाडी नंतर

भारतात होंडा ही गाडी विकत नाही. होंडाची "नावी" (Navi) नावाची गाडी इथे बरीच दिसली, तिची चाकंही लहान होती, पण ती मंकीच्या वंशातली नाही. आतून ती विनागिअरची स्कूटर आहे. मंकी स्वतः आयात करायची म्हटली तर शुल्क, मान्यता चाचण्या आणि आरटीओ नोंदणी या तिन्ही पायऱ्या चढाव्या लागतात, आणि नंतर प्रत्येक सुटा भाग बाहेरूनच मागवायचा. पहिली गाडी म्हणून हा उद्योग करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यामुळे हा लेख मुख्यतः जपानात, आणि थोडा ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी.

जपानमध्ये ही गाडी "गेन्त्सुकी निशु" म्हणजे ५१ ते १२५ सीसी या वर्गात येते. नुसत्या मोटारीच्या परवान्यावर ती चालवता येत नाही. किमान छोट्या दुचाकीचा, १२५ सीसीपर्यंतचा परवाना लागतो. एप्रिल २०२५ पासून इथे एक नवा घोटाळा होतोय. तेव्हापासून १२५ सीसीपर्यंतच्या काही गाड्या ५० सीसीच्या परवान्यावर चालतात, पण त्यांची ताकद ४.० किलोवॅट किंवा त्याहून कमी असावी लागते. मंकी १२५ ची ताकद ६.९ किलोवॅट आहे. "आता १२५ चालतात" एवढं अर्धवट ऐकून गाडी रस्त्यावर काढली तर ते विनापरवाना चालवणं ठरतं.

द्रुतगती मार्गावर या वर्गाला बंदी आहे आणि बऱ्याच बायपासवरही. नकाशाच्या अॅपमध्ये द्रुतगती मार्ग टाळण्याची खूण करून ठेवाच, शिवाय बायपासच्या तोंडाशी लावलेली पाटी वाचायची सवय लावा, कारण १२५ सीसीची बंदी अॅपला नेहमी कळत नाही. ब्रिटनमध्ये शिकाऊ परवाना आणि सीबीटी हे एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन १७ वर्षांपुढची व्यक्ती एल पाटी लावून ही गाडी चालवू शकते. सीबीटी दोन वर्षं चालतं आणि त्यावर मोटरवेवर जाता येत नाही. कॅलिफोर्नियात १५० सीसीच्या आतल्या गाडीला फ्रीवे बंद, आणि परवाना मात्र पूर्ण मोटरसायकलचाच लागतो.

कोणती घ्यायची: चार गिअर, पाच गिअर की डॅक्स

वापरलेली मंकी बघताना सगळ्यात आधी चासीचा नंबर वाचा. जपानी बाजारातल्या गाडीवर सुरुवातीला जेबी०२ असेल तर ती २०१८ ते २०२० ची, चार गिअरची. जेबी०३ असेल तर सप्टेंबर २०२१ नंतरची, पाच गिअरची.

दोन्हींची ताकद सारखीच, ९.४ पीएस, म्हणजे वर सांगितलेले ६.९ किलोवॅटच. पण इंजिन आतून वेगळं आहे. चार गिअरचं सिलिंडर ५२.४ गुणिले ५७.९ मिमी, पाच गिअरचं ५०.० गुणिले ६३.१ मिमी. पिस्टन, सिलिंडर, हेड एकमेकांचं एकमेकांना बसत नाही. जेबी०२ मध्ये ऑइलला कागदी फिल्टर नाही. जाळी आणि फिरणारी वाटी एवढ्यावर काम चालतं. जेबी०३ मध्ये बदलता येणारा कागदी फिल्टर आला. चढाच्या भागात राहणार असाल तर पाच गिअरचीच घ्या. चार गिअरमध्ये तिसऱ्या-चौथ्यातलं अंतर मोठं असल्याने घाटात गाडी तिसऱ्यात ओरडते आणि चौथ्यात दमते. शहरातल्या शहरात फिरणार असाल तर चार गिअरवाल्या स्वस्तात मिळतात आणि त्यात काही कमी नाही.

मागे कुणाला बसवायचं असेल तर मंकी नकोच. जपानमध्ये आणि युरोपात ती एकट्याने बसायची गाडी आहे. सीट लांबलचक दिसली तरी मागच्यासाठी फूटरेस्ट नाहीत. त्यासाठी होंडाचीच डॅक्स १२५ बघा. १९६९ च्या डॅक्सचं हे २०२२ मधलं पुनरागमन. दाबलेल्या पत्र्याची टी आकाराची चासी, दोघांना बसायची सोय, चार गिअर आणि आपोआप सुटणारा क्लच, म्हणजे डाव्या हाताला लिव्हरच नाही. पूर्वी हिरो होंडा स्ट्रीट चालवलेल्यांना तिचा पाय लगेच बसेल. टाकी मात्र ३.८ लिटरची, मंकीची ५.६ लिटरची.

वापरलेली गाडी तपासताना

इंजिन थंड असतानाच बघायला जा, आणि तसं आधी कळवा. तुम्ही पोचण्याआधीच विकणाऱ्याने गाडी गरम करून ठेवली असेल तर सुरू होतानाचा खरा आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही.

चावी फिरवल्यावर गोल मीटर डोळा मिचकावतो. ती या गाडीची मूळची खोडी आहे, बिघाड नाही. त्याच वेळी इंजिनचा पिवळा दिवा लागून इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा लागलाच नाही तर तेही वाईट, कारण कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. एबीएसचा दिवा गाडी थोडी चालल्यावर विझतो, उभ्या गाडीवर नाही.

मग खाली वाका. सायलेन्सरचा खालचा भाग, स्विंगआर्मची आतली बाजू आणि मागच्या शॉकअबच्या तळाचे बोल्ट या तीन ठिकाणी गंज आधी दिसतो. बर्फाच्या भागात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाड्यांत तर हमखास. पुढच्या शॉकअबच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर सील गेलंय. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागेपुढे ढकला. हँडलच्या मानेत "टक्" जाणवलं तर स्टिअरिंगची बेअरिंग सैल आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मध्यावर येऊन ते अडकल्यासारखं थांबत असेल तर बेअरिंगमध्ये खड्डे पडलेत. अशी गाडी सरळ रेषेत चालत नाही.

हँडलची टोकं, लिव्हरची टोकं आणि फूटरेस्ट यांवरचे ओरखडे पडझडीची कहाणी सांगतात. उभ्या गाडीवरून आडवी पडलेली मंकी बरीच असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पुढच्या चाकासमोर उभं राहून बघताना हँडल आणि चाक एका रेषेत नसेल तर तिथेच निरोप घ्या.

शेवटी विचारा की इंजिन मूळचं आहे का. १४३ किंवा १८१ सीसीचं किट बसवलेल्या मंकी बाजारात फिरतात. जपानमध्ये सीसी १२५ च्या पुढे गेली की गाडीचा वर्ग बदलतो, नोंदणी, परवाना आणि विमा सगळंच वेगळं लागतं. बाहेर १२५ सीसीच्या वर्गाची गुलाबी नंबरपाटी आणि आत १८१ सीसी असेल, तर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी हात वर करेल. मूळ सिलिंडर आणि पिस्टन सोबत देत नसतील तर ती गाडी सोडा.

कागदपत्रं

जपानमध्ये १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांची "शाकेन" तपासणी नाही, आणि नोंदणी तुमच्या शहराच्या किंवा वॉर्डाच्या कार्यालयात होते. नव्या गाडीला दुकानाचं विक्री प्रमाणपत्र लागतं. वापरलेल्या गाडीला आधीच्या मालकाने नंबर परत केल्याचं प्रमाणपत्र ("हाइशा शोमेइ") आणि हस्तांतराचं पत्र ("जोतो शोमेइ") हवं. हे दोन कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गुलाबी पाटी बहुधा त्याच खिडकीवर मिळते. वर्षाचा कर २,४०० येन. "जिबाइसेकी" हा सक्तीचा विमा फक्त समोरच्याच्या शारीरिक इजेपुरता असतो, म्हणून वरचा विमा घ्याच. घरात मोटार असेल तर तिच्याच विम्यात १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी "फॅमिली बाइक" कलम वाढवून मिळतं. बहुतेकांना तेच स्वस्त पडतं.

पहिले ५०० किलोमीटर

सीटची उंची ७७६ मिमी. स्प्लेंडरची ७८५, म्हणजे बसायला जवळपास तेवढीच. पण चाकं स्प्लेंडरची १८ इंची, हिची १२ इंची. आणि पाच गिअरच्या मंकीत दोन चाकांमधलं अंतर ११४५ मिमी, स्प्लेंडरपेक्षा ९ सेंटिमीटर कमी. याचे दोन परिणाम लगेच जाणवतात. एक, मोठं चाक ज्या खड्ड्यावरून सरकून जातं त्यात छोटं चाक उतरतं, त्यामुळे नजर नेहमीपेक्षा पुढे ठेवा. दोन, पुढचा ब्रेक जोरात दाबला की मागचं चाक उचलायला बघतं. म्हणून एबीएस असलेल्या मंकीत गाडीचा झुकाव ओळखणारा सेन्सर बसवलाय, तो मागचं चाक उचलणं कमी करतो. एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचं चाक लॉक करणं अजूनही तुमच्या पायाच्या हातात आहे. रिकाम्या मैदानात ताशी ३० वरून दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत वाढवत, वीसेक वेळा लावून बघा. हे केल्याशिवाय रहदारीत जाऊ नये.

नव्या गाडीला पहिले ५०० किमी पूर्ण अॅक्सिलरेटर देऊ नका, एकदम खालचा गिअर टाकू नका. एकाच वेगावर तासभर चालवणंही टाळा. वेग बदलत राहिला की रिंगा नीट बसतात. नवे टायर घसरट असतात, पहिले दीडशे किमी वळणावर कमी झुका. टायरमध्ये हवा कमी मावते, त्यामुळे थोडी गळतीही पटकन दाब पाडते. आठवड्याला एकदा, टायर थंड असताना गेजने बघा. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर आहे.

ऑइल: इथे कंजुषी नको

या इंजिनात लिटरभराच्या आसपास ऑइल, आणि तेच इंजिन, क्लच आणि गिअर तिघांचं काम करतं. वर हवेवर थंड होणारं इंजिन. त्यामुळे ऑइल लवकर काळवंडतं. पहिला बदल १००० किमीला, त्यानंतर पुस्तकातली मर्यादा जास्त असली तरी दर ३००० किमीला करा, विशेषतः जेबी०२ मध्ये, कारण तिथे कागदी फिल्टर नाही.

लागणारं सामान: १०डब्ल्यू-३० ऑइल, डब्यावर जॅसो एमए (मोटरसायकलच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं, १७ मिमीचा सॉकेट, १२ मिमीचा नवा वॉशर, कमी ताकदीचा टॉर्क पाना, फनेल आणि पसरट भांडं. मोटारीचं "एनर्जी सेव्हिंग" ऑइल अजिबात नको. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी ओला क्लच घसरू लागतो, आणि मग चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही.

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पटकन आणि गाळासकट निघतं. फार गरम असेल तर हात भाजेल. गाडी साइड स्टँडवर, खाली भांडं. उजव्या बाजूचं डिपस्टिकचं झाकण आधी सैल करा, म्हणजे हवा आत जाऊन ऑइल भकाभका न येता एका धारेने येतं. खालचा बोल्ट सैल करून शेवटचे आटे हाताने सोडवा. धार थांबून थेंब थेंब यायला लागलं की गाडी सरळ उभी करा, अजून थोडं निघेल.

बोल्ट नव्या वॉशरसकट आधी बोटांनी तीन-चार आटे बसवा. वाकडा जात असेल तर लगेच जाणवतं; पान्याने सुरुवात केली तर जाणवत नाही आणि अॅल्युमिनियमच्या क्रँककेसचे आटे जातात. मग २४ न्यूटन-मीटर, त्यापुढे एक वळसाही नाही. "गळायला नको" म्हणून जोर लावणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त क्रँककेस वाया घालवलेत.

जेबी०३ चा फिल्टर बदलताना झाकण उघडल्या उघडल्या फोटो काढा: स्प्रिंग कोणत्या बाजूला, रबरी कड कोणत्या बाजूला. फिल्टर उलटा बसला तर झाकण बसतं, गाडी चालते, पण ऑइल न गाळताच फिरत राहतं. दर फिल्टर बदलाला झाकणाची रबरी रिंगही नवी टाका.

आता आधी ०.८ लिटरच ओता. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तेवढाच वेळ थांबा. गाडी सरळ धरून, पुसलेली डिपस्टिक नुसती टेकवा, फिरवून आत बसवू नका. फिरवून बसवली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि कमी ऑइलवर गाडी पळते. वरच्या रेघेपर्यंत थोडं थोडं घालत जा. जास्त झालं तर काढा. जादा ऑइल एअर फिल्टरकडे जातं.

जुनं ऑइल गटारात नको. जपानी हार्डवेअरच्या दुकानात ऑइल शोषून घेणारे कापसाचे डबे मिळतात. ते जळाऊ कचऱ्यात चालतात का, ते मात्र पालिकेला विचारा. नियम शहरागणिक बदलतात.

चेन

चेन ४२० मापाची, बारीक. दर ५०० किमीला आणि प्रत्येक पावसानंतर साफ करून तेल लावा. तेल चेनच्या आतल्या बाजूने, खालच्या फेऱ्यावर लावायचं, म्हणजे फिरताना ते बाहेर फेकलं न जाता कड्यांत शिरतं. ताण बघताना गाडी न्यूट्रलला, साइड स्टँडवर. दोन स्प्रॉकेटच्या मध्यावर चेन वरखाली तीनेक सेंटिमीटर हलली पाहिजे, नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर. चाक फिरवून चार-पाच जागी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सगळ्यात ताठ जागेवर माप धरायचं. ताठ चेन सैल चेनपेक्षा वाईट. खड्ड्यात मागचं चाक वर गेलं की ती गिअरबॉक्सच्या शाफ्टची बेअरिंग ओढते. ताण देताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूने खातात.

टॅपेट

आडवं सिलिंडर बघून सीडी-१०० किंवा स्प्लेंडरची आठवण होते ती बरोबरच; सगळ्यांचं मूळ सुपर कबमध्ये आहे. तिथे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रॉकरमधलं बारीक अंतर, सेट केलेल्या माणसाला इथे नवीन काही नाही. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलेलं सगळ्यात चांगलं. डाव्या बाजूची दोन्ही छोटी झाकणं काढून फ्लायव्हीलवरची "टी" खूण जुळवा आणि दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा. दोन्ही किंचित हलले तर पिस्टन योग्य फेरीवर आहे. एखादा ताठ असेल तर एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा खूण जुळवा. चार गिअरच्या इंजिनाला इनलेट ०.१० मिमी, एक्झॉस्ट ०.१७ मिमी. पाच गिअरला तुमच्या सालाच्या पुस्तकातलाच आकडा घ्या. फिलर गेज अंतरातून ओढताना लोण्यातून पातं ओढल्यासारखा हलका अटकाव जाणवला पाहिजे. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. टॅपेटचा थोडा टकटकाट चालतो. आवाज अजिबात नको म्हणून अंतर कमी करणाऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, कारण तो बसकणीवर पूर्ण टेकत नाही आणि त्याची उष्णता बाहेर जात नाही.

बॅटरी आणि कुलूप

किक नाही. बॅटरी थोडी दमली असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून मंकी सुरू होते, पण पूर्ण मेली असेल तर पेट्रोलचा पंपच चालत नाही आणि कितीही ढकललं तरी उपयोग नाही. हिवाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा. १०४ किलो म्हणजे दोन माणसं गाडी सहज व्हॅनमध्ये उचलून नेतात, त्यामुळे हँडल लॉकवर विसंबू नका. जाड साखळी चासीतून घालून जमिनीत रोवलेल्या कड्याला किंवा खांबाला बांधा, आणि साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीचा आधार मिळाला की कटरवर जोर देणं सोपं जातं.

सजावट

ओसाकाच्या ताकेगावा आणि किताको या कंपन्यांची मंकीच्या भागांची यादी वाचता वाचता रात्र सरते. सुरुवात मागच्या कॅरिअरने आणि चांगल्या शॉकअबने करा. दोन्हींचा उपयोग रोज होतो. सायलेन्सर आणि इंजिन किट वर्षभराने. मागवताना जेबी०२ की जेबी०३ हे दोनदा तपासा. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेलाचं फडकं फिरवून, बोल्ट त्याच्या त्याच्या भोकात अडकवून खोक्यात ठेवा. विकताना गिऱ्हाईक आधी तेच मागतं.